केळीचं कापड आणि बाबांचा कूलर

आमच्या घरात कुठलीही वस्तू ओली राहू द्यायची नाही, असा बाबांचा नियम होता. तो कापसापासून सुरू झाला आणि पुढे टॉवेल, छत्री, सरपण, माझे केस अशा सगळ्यांना लागू झाला. त्यामागची हकिगत आई सांगायची, तीही बाबा घरात नसताना. एका वर्षी बाबा वर्ध्याच्या बाजारात कापूस घेऊन गेले. व्यापाऱ्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढून दाबून पाहिला आणि चारचौघांत म्हणाला, "ओला हाये." बाबा घरी येऊन जेवले, झोपले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाळवायला सुरुवात केली. दहावीत असताना माझी वही पावसात भिजली, तेव्हा त्यांनी तिचं पान न् पान दोरीवर चिमट्यांनी टांगलं होतं. गणिताची वही होती. ती वाळली याचं मला विशेष सुख झालं नाही.

नाचणगावात आमचं घर म्हणजे एकामागे एक अशा तीन खोल्या, मागे गोठा आणि वर गच्ची. पहिल्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवलेला होता. त्याला पत्र्याचं मोठं अंग, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या आणि आतून असा आवाज, की टीव्हीवरच्या बातम्या आम्ही बहुतेक पाहायचोच, ऐकायचो नाही. आमचा उन्हाळा ज्यांनी सोसला नाही त्यांना कूलर ही चैनीची वस्तू वाटेल. आमच्याकडे तो घरातला कर्ता माणूस होता. दुपारी जेवण झालं की बाबा त्याच्या तोंडासमोर खाट टाकून झोपायचे. ती जागा त्यांची होती आणि तिच्यावरून कधी वाद झाला नाही. आई मात्र कूलरवर कायम नाराज. तिच्या मते त्या खोलीत ठेवलेले पापड अर्ध्या दिवसात सादळतात. हे वाक्य ती उन्हाळ्यातून वीसेक वेळा म्हणायची आणि आम्ही कोणी ते ऐकत नसू. ते ऐकायला हवं होतं, हे पुढे कळलं.

शालूआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, दिवाळीला आली ती राहिली. तिच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मूलबाळ नव्हतं. सासरी दीर आणि जाऊ. जावेला शाळेत नोकरी लागली होती, त्यामुळे घर सांभाळायला घरचं माणूस हवं, असा दिराचा दर आठवड्याला फोन यायचा. घरच्या माणसाला पगार लागत नाही, हे तो बोलत नव्हता, पण त्याच्या प्रेमळ आवाजातून ते नीट समजायचं. आत्या फोनवर "हो भाऊजी, पाहू भाऊजी" म्हणायची आणि फोन ठेवून भांडी घासायला बसायची. घासलेलीही पुन्हा घासायची. बाबांनी तिला राहा असं म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. त्यांना बहिणीशी बोलता येत नसे. तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढा, एवढंच ते आईला सांगत, तेही ताटाकडे पाहून.

संक्रांतीनंतर आत्या वर्ध्याला महिनाभर एक काम शिकायला गेली. रोज सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी यायची. काम होतं केळीच्या खोडापासून धागा काढण्याचं. आमची नदीकडे पाऊण एकर केळी होती, बाकी सगळा कापूस आणि तूर. केळीचा घड उतरवला की झाड संपलं. ते कापून बांधावर फेकायचं आणि ते तिथे सडत पडायचं, त्यावर चिलटं बसायची, आणि आई त्या बांधावरून जाताना नाकाला पदर लावायची. या घाणीतून कापड निघतं असं आत्याने जेवताना सांगितलं, तेव्हा बाबांनी घास तोंडात धरून तिच्याकडे पाहिलं. मग तो गिळून म्हणाले, "कापड कापसाचं राह्यते."

"केळीचंबी राह्यते, दादा."

"मंग कापसाचं काय करतं?"

"कापसाचं कापसानं होते. मी कुठं बंद कर म्हनलं?"

कोणीतरी आपला कापूस बंद करायला निघालं आहे, असं बाबांना दोन दिवस वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी मात्र ते स्वतःच चार खोडं बैलगाडीत घालून घेऊन आले आणि गोठ्यासमोर टाकून निघून गेले.

मग ते काम आमच्या अंगणात सुरू झालं. केळीचं खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले थर. एकेक थर सोलायचा, त्याच्या पट्ट्या करायच्या, पट्टी फळीवर ठेवून बोथट पात्याखाली दाबून ओढायची. गर आणि पाणी निघून जातं आणि हातात राहतात पांढरट, चमकणारे केस. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी खरंच ते गालाला लावून पाहिले. पण केळीचा चीक हा वेगळा विषय आहे. तो अंगावर पडतो तेव्हा पाणी असतो आणि वाळला की चॉकलेटी डाग होतो, आणि तो डाग कापड फाटेपर्यंत सोबत राहतो. महिन्याभरात आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक कपड्यावर तो होता. बारावीची परीक्षा मी अशाच डागाळलेल्या ओढणीत दिली. शिवाय खोडाच्या आतला गाभा टाकवेना म्हणून आईने त्याची भाजी केली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी चांगली म्हटलं, ही चूक झाली. त्यानंतर गाभ्याची भाजी, गाभ्याचे भजे, गाभा घातलेला झुणका, एकदा गोळाभातातही गाभा. आजही कोणी मला पौष्टिक तंतुमय आहाराबद्दल सांगू लागलं तर मी नम्रपणे ऐकून घेते. माझा कोटा तेव्हाच भरला आहे.

वर्ध्याला ज्या मॅडम हे काम शिकवत, त्यांचं स्वतःचं पिशव्या आणि जाकिटांचं दुकान होतं. त्यांनी आत्याला एक जुना हातमाग वापरायला दिला. तो सुटा करून टेम्पोत आला, तेव्हा शेजारचे लोक नवी खाट आली म्हणून पाहायला जमले. मॅडमचं म्हणणं सरळ होतं. उभा धागा सुताचा, आडवा केळीचा, असं चार मीटर कापड आत्याने घरी एकटीने विणून दाखवायचं. पास झालं तर त्यांच्याकडे कायमचं काम, नव्या बायकांना शिकवायचं आणि ऑर्डरी विणायच्या. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत एक खोलीही त्यांनी पाहून ठेवली होती. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कापड पाहायला येणार होत्या. दिराचाही फोन आला, की सणाच्या दुसऱ्या दिवशी तो वहिनींना न्यायला येतोय. दोघांनी एकच दिवस निवडावा हा योगायोग होता. आत्याने तो योगायोग ठरावात बदलला. ती आईला म्हणाली, "वयनी, कापड पास झालं तं सिंदी मेघे. नाई झालं तं भाऊजीसंगं जातो. इथं आता नाई राह्यत."

"काऊन? इथं काय काटे टोचते का?" आई म्हणाली.

"नाई टोचत. म्हनूनच. राह्यली तं राहूनच जाईन."

मला ते तेव्हा अजिबात समजलं नाही. मला फक्त एवढं समजलं, की कापड बिघडलं तर आत्या त्या दिराच्या घरी जाऊन जन्मभर पोळ्या लाटणार, आणि ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. ती माझी फार लाडकी होती. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. मीही बाबांचीच मुलगी.

केळीचा धागा लांब नसतो, हातभर-दोन हात. म्हणून एकाचं टोक दुसऱ्याला गाठ मारून जोडत जायचं. परीक्षा संपल्यापासून मी आणि आत्या कूलरच्या खोलीत बसून गाठी मारत होतो. जवळजवळ महिनाभर दिवसाला आठ तास. झोपेतही माझी बोटं हलायची, असं आई सांगे. असा जोडलेला धागा लडी करून आत्या ओलसर पोत्यात गुंडाळून मधल्या खोलीत रांजणामागे ठेवायची. सण दहा दिवसांवर आला तेव्हा ती उभ्या धाग्याचं सूत आणायला दोन दिवस वर्ध्याला गेली. जाताना एसटीत चढून खिडकीतून बाबांना म्हणाली, "दादा, लड्या जपून ठेवजो."

बाबांनी ते मनावर घेतलं. घरी येऊन त्यांनी पोतं उघडलं, आत हात घातला आणि मूठभर धागा दाबून पाहिला. नंतर त्यांचा चेहरा जसा झाला तसा मी एकदाच पाहिला आहे. "हे तं ओलं हाये," ते म्हणाले. "काळं पडन सारं. हिले कोनी सांगतलं नाई का काई?" मी म्हणाले, आत्यानेच तसं ठेवलंय. त्यावर ते म्हणाले, की ती लहान आहे. आत्या तेव्हा अडतीस वर्षांची होती.

गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या. बाबांनी त्या एका बाजूला सरकवल्या आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ धोतर अंथरून त्यावर एकेक लडी हाताने मोकळी करून पसरली. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने खडे ठेवले. दोन दिवस ते दर तासाला गच्चीवर जाऊन लड्या उलटवत होते. उन्हाचा तो पारा, खाली गुरंसुद्धा सावलीतून हलत नव्हती, आणि हे डोक्याला गमचा बांधून वर. जेवणही अर्धवट सोडून जायचे. इतकी काळजी त्यांनी माझ्या परीक्षेचीही घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या आली, तेव्हा त्यांनी लड्यांचा गठ्ठा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "पाह्य. खडखडीत करून ठेवलं."

आत्याने एक लडी सोडवून धागा ताणला. तो तुटला. दुसरा ताणला, तोही तुटला. तिसरा तिने ताणला नाही, नुसता वाकवला, आणि त्याचे कुरडईसारखे दोन तुकडे झाले. केळीच्या धाग्यात थोडी ओल असेल तरच तो वाकतो, माग सोसतो. कापसाला ओल शत्रू आणि याला ओल म्हणजे जीव. हे आता मला पाठ आहे. तेव्हा आम्हा कापूसवाल्यांच्या घरात ते कोणाला माहीत असणार? आत्याला माहीत होतं आणि ती सांगायला विसरली होती, कारण इतकी उघड गोष्ट सांगावी लागेल असं तिला वाटलं नाही.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने गठ्ठा खाली ठेवला, हात धुतले, बाबांना म्हणाली, "तू जेवला का दादा?" आणि आत जाऊन फडताळावरची तिची पत्र्याची पेटी काढून त्यात साड्या भरू लागली. बाबा दारात उभे होते. महिनाभराच्या गाठी मारलेला धागा पायाशी होता, नवीन काढायला वेळ नव्हता, आणि ती पेटी भरत होती.  मी बाबांवर त्या क्षणी इतकी चिडले होते, की त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर काहीतरी बोलून बसेन म्हणून त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. गच्चीवर अनवाणी फिरून तळव्यांच्या कडांना फोड आले होते. मग मला चिडताही येईना.

तोडगा आईने काढला, तोही पोळी लाटता लाटता, मागे न वळता. "त्या कूलरच्या खोलीत ठेवून पाहा. माह्ये पापड सादळते तं हे काऊन नाई सादळनार?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी गठ्ठा उचलला, कूलरसमोरच्या आपल्या खाटेवर पसरला आणि स्वतः गोठ्यात जाऊन झोपले. सकाळी आत्याने एक धागा बोटाभोवती गुंडाळला. तो गुंडाळला गेला. तिने पुन्हा सोडवला, पुन्हा गुंडाळला. बाबा दारातून पाहत होते. ती त्यांना म्हणाली, "माग इथं आनाव लागन. धागा बाहेर नेला का तुटन." बाबा म्हणाले, "आनू नं." त्यांनी खाट उचलून गोठ्यात नेली आणि गोठ्याच्या कडेला मांडलेला माग सुटा करायला बसले.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घरात कूलरचा वारा फक्त मागाला मिळाला. खोलीत माग बसल्यावर उभं राहायलाही जागा उरली नाही. आम्ही अंगणातल्या निंबाखाली जेवायचो आणि घामाने भिजलेले एकमेकांकडे न पाहता बसायचो. बाबा पाण्याचं काम पाहत. सकाळपासून बादल्या भरून कूलरच्या टाकीत ओतायच्या, आणि लाईट गेली की कडुनिंबाचा डहाळा पाण्यात बुडवून ताट्यांवर, जमिनीवर, भिंतींवर शिंपडायचं. ज्या माणसाने आयुष्यभर सगळं वाळवलं, तो आता दिवसभर ओलं करत होता. एकदा त्यांनी आत्याच्या पाठीवरही शिंपडलं. ती म्हणाली, "दादा, मी नाई सुकत." ते म्हणाले, "असू दे." मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा खटखट आवाज आणि कूलरची घरघर मिळून असा गोंगाट होई, की शेजारणीने गिरणी टाकली का म्हणून विचारलं. मी धोट्यात घालायच्या कांड्यांवर धागा भरत होते. जिथे धागा आधीच तुटला होता तिथे पुन्हा गाठी मारत होते, आणि मनातल्या मनात मोजत होते, की आज किती वीत झालं.

सणाला आमरस झाला, तो आत्याने मागावरच वाटीने प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी वीतभर विणायचं बाकी असताना दीर आला. त्याला बसवायला जागा नव्हती, म्हणून बाबांनी त्याला निंबाखाली खुर्ची दिली. मग त्यांनी त्याला तुरीबद्दल विचारलं. मग बैलांबद्दल. मग पुन्हा तुरीबद्दल. मी तीनदा आमरस नेऊन दिला. बाबा इतके बोलताना मी त्याआधी पाहिले नव्हते. शेवटी दीर म्हणाला, "भाऊ, वयनीची तयारी झाली का?"

"होऊन राह्यली," बाबा म्हणाले. "तुमच्याकडं यंदा पाऊस कसा होता म्हनता?"

तेवढ्यात मॅडमची गाडी आली. पन्नाशीच्या, उंच, उन्हाने लाल झालेल्या. त्या थेट कूलरच्या खोलीत गेल्या आणि आम्ही सगळे दारात दाटीवाटीने उभे राहिलो, दिरासकट. आत्याने शेवटचा धागा टाकून कापड कापून त्यांच्या हातात दिलं. फिकट सोनेरी, थोडं खरखरीत, उजेडात धरलं की चमकणारं. मॅडमनी ते उलटसुलट पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं आणि मग कापडाचं टोक मुठीत धरून दाबलं. बाबांनी माझा खांदा पकडला. किती जोरात, ते त्यांना कळलं नसावं. मॅडम म्हणाल्या, "ओलसर लागतंय."

 कूलर तेवढा चालू होता.

"असंच पाहिजे," त्या पुढे म्हणाल्या. "आमच्याकडच्या बायका याला वाळवून टाकतात आणि मग तुटतं म्हणून रडतात. तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

आत्याने दारात उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. "दादानं," ती म्हणाली. हे खोटं होतं आणि एका परीने खरंही होतं. बाबांनी माझा खांदा सोडला आणि गुरांना पाणी दाखवायला म्हणून निघून गेले. गुरांना पाणी सकाळीच दाखवलं होतं. दीर आणखी एक वाटी आमरस खाऊन एकटाच परत गेला. जाताना त्याने पापड चांगले झाल्याचं सांगितलं. ते सादळलेले होते.

चार दिवसांनी टेम्पो आला. माग सुटा करून चढवला, पेटी चढवली. आत्या आईच्या पाया पडली, मला जवळ घेतलं, आणि वळून पाहते तो बाबा खिडकीतून कूलर काढत होते. पाना घेऊन एकेक नट सोडवत होते. "दादा, हे काय करून राह्यला?" तिने विचारलं. "तुले तिथं लागन," बाबा म्हणाले. "धागा कोरडा पडन." आईने तोंडाला पदर लावला. मे महिना अर्धाही झाला नव्हता. टेम्पो वळणावरून गेला, तेव्हा पेटीपेक्षा कूलरच मोठा दिसत होता, आणि मी रस्त्यात उभी राहून मोठ्याने रडले. बाबा घरात गेले आणि त्यांनी खिडकीच्या रिकाम्या चौकोनावर ओलं पोतं टांगलं.

तो उन्हाळा तसाच गेला. पुढचाही. आई म्हणायची नवीन कूलर घ्या, मी म्हणायचे, शेजारीही म्हणायचे. बाबांचं उत्तर एकच. "जागा तिच्या कूलरची हाये. ती वापस आली तं तो कुठं बसवू?" पोत्यावर दिवसातून सहा वेळा पाणी मारायचे आणि त्याच्यासमोर खाट टाकून झोपायचे. पोत्यातून गरम वाराच यायचा, फक्त दमट. मी त्यांना हट्टी समजत होते. बहिणीला येण्यासाठी जागा ठेवायची आणि तसं तिला सांगायचं नाही, ही त्यांची पद्धत मला फार उशिरा कळली. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे, आणि माझ्याही घरात एक खोली आहे, जिच्यात मी मुद्दाम सामान ठेवत नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात आत्या आली. खांद्याला स्वतः विणलेल्या कापडाची पिशवी, सोबत बाबांसाठी त्याच कापडाचा पंचा. तिच्या हाताखाली आता सात बायका होत्या. जेवताना तिचं लक्ष खिडकीतल्या पोत्याकडे गेलं. तिने आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे पाहिलं, आणि आत्याला काय ते समजलं. जेवण झाल्यावर ती बाबांच्या खाटेशी जाऊन बसली आणि म्हणाली, "दादा, मी आता वापस नाई येत. चांगलं चाललं माह्यं. तू कूलर घे."

बाबांनी पंचा घडी करून उशाशी ठेवला. उठून सदरा घातला आणि पुलगावला गेले. संध्याकाळी नवा कूलर घेऊन आले, स्वतःच खिडकीत बसवला, पाणी भरलं, चालू केला, आणि आमच्याकडे पाठ करून त्याच्यासमोर कितीतरी वेळ बसून राहिले. आत्या मागे जाऊन उभी राहिली.

"थंड लागते का?" तिने विचारलं.

"लागते," बाबा म्हणाले.